दगडावरचं पाणी

गोदूबाईला घासच उतरेना, म्हणून ती मुरबे गावाहून बोईसरच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या चित्रात अन्ननळी, जठर, आतडी दाखवली.

"तुमचं सगळं ठणठणीत आहे, मावशी. पण भूक आधी डोक्यात जागी होते. ओळखीचा वास, आवाज आला की तोंडाला पाणी सुटतं, मग पोट कामाला लागतं."

घरी तिनं बोंबलाचं कालवण रांधलं. वास घमघमला, पण मेलं तोंड कोरडंच! जन्मभर नवरा जेवून अंगणातल्या दगडावर हात धुवायचा, ते पाणी वाजलं की मगच ती जेवायला बसायची. गेल्या साली तो वारला.

तिनं तांब्या उचलला आणि दगडावर पाणी ओतलं.

तोंडाला पाणी सुटलं! लगबगीनं ताटावर बसून तिनं घास उचलला, आणि सवयीनं दाराकडे बघत विचारलं, "पोट भरला ना?"

घास हातातच राहिला.