चार नंबर हाजिर

कॉलेजात मुलींचा आवाज म्हणजे मनकर्णाबाईचा आवाज. ही रीत निजाम सरकारच्या अमलातली. वर्गात पोरं पुढं बाकांवर बसायची, मागच्या कोपऱ्यात बांबूच्या काड्यांचा पडदा, चिक, सोडलेला, अन् त्या चिकाआड सहा मुली. हजेरी घेताना प्रोफेसर मुलींची नावं घेत नसत, नंबर घेत. जबाबही मुलींनी द्यायचा नसे. परक्या पोरांच्या कानावर त्यांचा आवाज कशाला? म्हणून त्यांच्याजवळ बसलेली मनकर्णाबाईच प्रत्येक नंबराला म्हणायची, "हाजिर, जनाब!"

अन् काय खणखणीत म्हणायची! सही करायची म्हटलं तर अंगठा पुढं करणारी बाई, पण सहा वर्षं वर्गात बसून दिल्लीचे सुलतान तिला ओळीनं पाठ झाले होते. सकाळी औरंगपुऱ्यातून पडदा लावलेल्या टांग्यात मुलींना आणायचं, चारला जिच्या तिच्या दारात नेऊन सोडायचं, हे तिचं काम. एकदा एक पोरगं फटीतून आत बघताना सापडलं. बाई उठून थेट त्याच्या बाकाशी गेली अन् म्हणाली, "उद्या तुझ्या बहिणीला घेऊन ये. तिला बी आत बसवते, मग बस बघत." सगळा वर्ग हसला. त्या पोरानं पुन्हा मान वळवली नाही. "माझ्या चिकाआडच्या पोरीची वेणीसुद्धा कुणी बघितली नाय," असं ती गल्लीभर सांगायची, अन् ते खरंही होतं.

चार नंबर म्हणजे सरू. पुंजाराम मास्तरांची लेक, अठरा सरून एकोणिसावं लागलेली. भावकीनं लई नावं ठेवली तरी मास्तरांनी तिला कॉलेजात घातली. "बाई, तुम्ही आहात म्हणून धाडतो," असं ते पहिल्या दिवशी म्हणाले तेव्हा बाईनं पदर सावरून अशी मान डोलावली, जशी काय तिला सुभेदारीच मिळाली.

पौषातली गोष्ट. दुसरा तास संपला होता. मागच्या व्हरांड्यात ऊन आलं होतं आणि बाई दुखरे गुडघे लांब करून उन्हात बसली होती. पान नुकतंच तोंडात घातलेलं.

"मावशी, कुतुबखान्यात पुस्तक परत करायचंय. चला ना," सरू म्हणाली.

कॉलेजात मुलीनं कुठंही जायचं तर बाईनं बरोबर जायचं, हा नियमच होता. बाईनं डोळे किलकिले केले. "मी काय तुझी सावली हाय का गं? मुंशी हाय की तिथं. पुस्तक दे अन् पळत ये."

सरू गेली. मुंशी मात्र चहाला गेला होता.

तिसऱ्या तासाची घंटा झाली. प्रोफेसरांनी रजिस्टर उघडलं. एक, दोन, तीन झाले.

"नंबर चार?"

बाईनं सरूच्या रिकाम्या जागेकडं बघितलं. तीन नंबरची जमिला बाईकडं बघत होती. गप्प राहावं तर प्रोफेसर विचारणार, मुलगी कुठं? मग प्रिन्सिपलसाहेब विचारणार, एकटी कुणी सोडली? हे सगळं मनात यायच्या आतच तोंडातून शब्द निघून गेला.

"हाजिर, जनाब!"

"खाला, वो तो..." जमिला कुजबुजली.

"गप बस. आत्ता येईल."

ती तास संपेपर्यंत आली नाही. घंटा झाल्यावर मागच्या दारानं आली. चोळीची बाही खांद्यापासून उसवलेली, ओठ सुजलेला, मनगटावर फुटलेल्या बांगडीचं रक्त. भिंतीला टेकून उभी राहिली. बसता येईना तिला.

"बन्सीनं दार लावून घेतलं, मावशी. मी लई ओरडले. कुणीच आलं नाय."

बन्सी म्हणजे वर्गातलाच, आप्पासाहेबांचा मुलगा. कन्नड तालुक्याकडचे मोठे जमीनदार ते; कुतुबखान्याची निम्मी कपाटं त्यांनीच दिलेली. बाईनं स्वतःची शाल काढून सरूच्या अंगावर टाकली. पाणी पाजलं. वेणी पुन्हा घालून दिली. अन् हे सगळं मायेनं करताना म्हणाली काय, तर "हे इथंच गाडायचं. घरी तोंडातून काढायचं नाय."

सरूनं गाडलं नाही. आईला सांगितलं. आईनं मास्तरांना सांगितलं. अन् तिसऱ्या दिवशी मास्तर स्वतःच्या हातानं उर्दूत अर्जी लिहून प्रिन्सिपलसाहेबांच्या दारात उभे राहिले.

चौकशी बसली. आप्पासाहेबसुद्धा खुर्ची ओढून मंडळींत बसले, जसं काय दुसऱ्याच कुणाच्या पोराचं काही असावं. मुंशीनं कानाला हात लावून सांगितलं की मी जागचा हललो नाही. बन्सी म्हणाला, तिसऱ्या तासाला मी कुतुबखान्यात वाचत होतो, पण मुंशीखेरीज तिथं कुणी नव्हतं. चिकाआडच्या मुलींना साक्षीला बोलवायचा प्रश्नच नव्हता, त्या पडद्यातल्या. त्यांच्या वतीनं बोलायची ती बाईच. सरूला दाराबाहेर पडद्यामागं उभी केलेली.

रजिस्टर आणलं. तिसरा तास, चार नंबर, हाजिर.

प्रिन्सिपलसाहेब भला माणूस. त्यांनी चष्मा काढला. "बाई, सोच के बोलो. उस घंटे में चार नंबर क्लास में थी?"

"व्हय साहेब."

"फिर एक बार पूछता हूँ. तुमने अपनी आँखों से देखा?"

दुसऱ्यांदा विचारलं त्यांनी. दार उघडून धरावं तसं विचारलं. बाईच्या जिभेवर खरं आलं होतं. पण तिला दिसली ती खोलीतली माणसं, अन् ती माणसं तिला बघत होती. बाई उन्हात पाय पसरून पान चघळत बसली होती आणि पोरगी एकटी धाडली, हे ह्या सगळ्यांना कळणार.

"बघितलं की. हाजिर होती."

पडद्यामागून काही आवाज आला नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं बाईला नंतर किती वेळा वाटलं.

खोटा आळ घेतला म्हणून सरूचं नाव खोडलं. बन्सी दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावर बसला.

बाईनं मनाची समजूत घातली. खरं बोलले असते तर चिक उठला असता, बाकीच्या पाच जणींचं शिक्षण बुडालं असतं. जमिलाचं इम्तहान तोंडावर आलं होतं. बोलायला हे ठीक होतं, पण त्या खोलीत तिला जमिला आठवली नव्हती. आठवली होती ती स्वतःची अब्रू. अन् हे तिला पक्कं माहीत होतं.

पाच मुली आता तिच्याशी कामापुरतं बोलत. टांग्यात ती चढली की गप्पा बंद व्हायच्या.

आठवड्यानं मुलींना घरोघर सोडून बाई परतली, तेव्हा पुंजाराम मास्तर टांग्याच्या थांब्यावर वाट बघत उभे होते. हात जोडून म्हणाले, "मनकर्णाबाई, माफी मागायला आलो. पोरीपायी तुमच्या नावाला बट्टा लागला."

"असू द्या, मास्तर."

"ती एकच धरून बसली होती, मावशी खोटं बोलल्या. मी म्हणालो, बाईसारखी बाई खोटं कशाला बोलेल? लई तोंड चालवायला लागली, तेव्हा मारलं तिला. जन्मात पहिल्यांदा हात उचलला, बाई." मास्तर स्वतःच्या हाताकडं बघत होते. "देवगाव रंगारीचं एक बिजवराचं स्थळ आलंय. माघात उरकून टाकतो."

टांगेवाला म्हणाला, "चढो ना बाई." ती चढली नाही. चालत परत कॉलेजात गेली, अन् कुणाला न विचारता प्रिन्सिपलसाहेबांच्या खोलीत शिरली.

"साहेब, चार नंबर हाजिर नव्हती. मी खोटं बोलले. लिहून घ्या, मी अंगठा देते."

साहेबांनी रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "कागजात हैदराबाद रवाना हो चुके. अब लिखूँ तो पहले तुम जाओगी, फिर ये चिक जाएगी, फिर मैं." अन् मान फिरवून म्हणाले, "मैंने कुछ नहीं सुना, बाई. जाओ."

"मी जाते साहेब, पण लिहून तर घ्या."

त्यांनी कागद पुढं केला नाही. स्वतःला लिहिता आलं असतं तर बाईनं तिथल्या भिंतीवर लिहिलं असतं. तिच्याकडं होतं ते फक्त तोंड, अन् त्या तोंडानं जे करायचं ते करून ठेवलेलं.

तशीच ती औरंगपुऱ्यात मास्तरांच्या घरी गेली. सरू चुलीपुढं भाकरी थापत होती. गालावरचा वळ पिवळा पडला होता. मास्तर ओसरीवर वह्या तपासत होते, आई तांदूळ निवडत होती.

बाई उंबऱ्याशीच खाली बसली. "सरू, मी खोटं बोलले बाळा. मास्तर, तुमची पोरगी खरी. ती वर्गात नव्हती. मीच तिला एकटी धाडली."

मास्तरांच्या हातातली वही खाली पडली. आईनं तोंडावर पदर दाबला. सरूनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, मग मान वर केली.

"साहेबांनी दोनदा विचारलं होतं, मावशी."

"व्हय."

"मी दोन्ही वेळा ऐकलं."

बाईनं हात जोडले. "मला जोड्यानं मार. काय म्हणशील ते करते."

"मारून काय करू? इथं चार भिंतींत सांगून बी काय उपयोग? आम्ही तिघं तर घरचेच. गल्लीनं मला लबाड म्हटलंय. देवगावच्या लोकांना बी तेच सांगितलंय, म्हणून तर बिजवराशिवाय कुणी पुढं येत नाय." सरूनं दाराकडं बोट केलं. "बाहेर ओट्यावर जा. तिथं सांगा."

बाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. ओट्यावर आली. दिवस कलला होता. समोरची आशाबाई पापड उचलत होती, नळावर चार बाया घागरी लावून उभ्या होत्या, शिंप्याच्या दुकानात दोन माणसं. सगळ्यांना ती ओळखत होती, आणि त्या सगळ्यांना ह्याच तोंडानं तिनं सहा वर्षं चिकाआडच्या वेणीचं ऐकवलं होतं.

"काय मनकर्णाबाई, आज पायी?" आशाबाईनं विचारलं.

"ऐका गं," बाई म्हणाली. नजर स्वतःच्या पायांवर होती. "मास्तरांच्या सरूनं खोटा आळ घेतला नाय. मी खोटं बोलले."

नळावरच्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. काय म्हणाली, ते कुणाला नीट कळलंच नव्हतं.

सरू दारात येऊन उभी राहिली.

"वर्गात बोलायच्या तसं बोला, मावशी," ती म्हणाली. "इथवरसुद्धा ऐकू येत नाय."