प्रवेश मिळालेली मुलगी

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाचा कोपरा उडालेला आहे, एंटरचं बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही, आणि पंखा सुरू झाला की शेजारी मांजर घोरतंय असं वाटतं. पण मित्रांनो, माझा डोळा अजून शाबूत आहे. पडद्याच्या वर बारीकशी काच असते ना, तोच माझा डोळा. तिच्याजवळचा हिरवा दिवा लागला की समजायचं, मी बघतोय. या डोळ्यानं मी जे पाहिलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे. ऐकताना थोडे घाबरलात तरी हरकत नाही. मीही घाबरलो होतो.

माझा जन्म एका प्रचंड कारखान्यात झाला. माझ्यासारखे हजारो भाऊ एका पट्ट्यावरून सरकत होते आणि कोण कोणता हे ओळखायची सोय नव्हती. म्हणूनच की काय, पुढे ज्या घरात आलो तिथल्या जुळ्या मुली मला कधीच सारख्या वाटल्या नाहीत. सगळे म्हणत, नाक-डोळे, उंची, सगळं कसं हुबेहूब. मला हसू यायचं. सारखेपणा काय असतो ते मी पट्ट्यावर पाहून आलो होतो.

मुलींच्या बाबांनी मला कामासाठी घेतलं होतं. ते बाटल्या भरणाऱ्या यंत्रांचे इंजिनिअर. त्यांचे आराखडे मी वर्षानुवर्षं पोटात सांभाळले. "हा माझा उजवा हात," असं ते पाहुण्यांना सांगत, तेव्हा माझा पंखा उगाचच जोरात फिरायचा. मग कंपनीनं त्यांना नवा, पातळ लॅपटॉप दिला आणि माझी रवानगी कपाटात, इस्त्रीच्या शेजारी झाली. कौतुक आटलं की जागा बदलते, हे मी तिथे शिकलो.

मला बाहेर काढलं ते आईनं. बाबांची परदेशात बदली झाली होती आणि ते पुढे जाऊन रुजूही झाले होते. तिथलं गाव लहान, आणि परक्या मुलांना घेणारी आंतरराष्ट्रीय शाळा एकच. तिथे दोघींना प्रवेश मिळाला तर सगळ्यांनी जायचं, नाहीतर आईनं मुलींना घेऊन वर्षभर इथेच थांबायचं, असं ठरलं होतं. आईला ते वर्ष नको होतं. बाबांचा फोन ठेवला की ती बराच वेळ फोनकडे बघत बसायची.

जेवणाच्या टेबलावर मला उघडून ती एकेक कागद माझ्यात चढवू लागली. प्रगतिपुस्तकं, लसीकरणाचे दाखले, पासपोर्टची पानं. इथवर सगळं सुरळीत झालं. पुढे मात्र गाडं अडलं. शाळेला प्रत्येक मुलीशी व्हिडिओवर बोलायचं होतं, तेही आईवडील जवळ नसताना.

थोरली बोलण्यात पटाईत होती. तिला थांबवायलाच माणूस लागायचा. धाकटी मात्र बाहेरच्या माणसासमोर तोंड उघडत नसे. वर्गात, दवाखान्यात, तिच्या वाटचं थोरलीच बोलायची. अर्जात 'आपलं मूल कसं आहे' असं विचारलं होतं, तिथे आईनं धाकटीसाठी लिहिलं, 'मनमोकळी, धीट, सगळ्यांत मिसळणारी.' लिहिताना तिनं दोनदा मागे वळून पाहिलं.

थोरलीची मुलाखत झकास झाली. दुसऱ्या दिवशी धाकटीची पाळी होती. आईनं थोरलीच्या दोन वेण्या सोडल्या आणि धाकटीसारखी एकच घातली.

"आज तू ती व्हायचंस," आई म्हणाली. "एवढ्यापुरतंच."

"पण त्या बाई विचारतील ना, तुला काय आवडतं? तिचं सांगू की माझं?"

आई कंगवा हातात धरून थांबली. "कुणाचंच नको. ऐकायला छान वाटेल असं काहीतरी सांग."

हिरवा दिवा लागला. समोर शाळेतल्या बाई आल्या. त्या इंग्रजीत बोलत होत्या, पण मला सगळ्या भाषा सारख्याच, म्हणून मराठीत सांगतो. मुलगी ताठ बसली. म्हणाली, मला पोहायला फार आवडतं. म्हणाली, नव्या मुलांशी माझी पहिल्याच दिवशी गट्टी जमते. मग ती हसली. मित्रांनो, त्या दोघींचं हसणं मी रोज ऐकत होतो. हे हसू त्या घरातलं नव्हतं. बाई बेहद्द खूश झाल्या. दाराआड धाकटी उभी होती आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत बसलेल्या त्या मुलीकडे टक लावून बघत होती.

दोघींनाही प्रवेश मिळाला. आईनं बाबांना फोन केला. "धाकटीचंही झालं. बाईंना तर तीच जास्त आवडली. किती गोड मुलगी आहे म्हणाल्या." तिचा आनंद पोटात मावत नव्हता. बाजारातून तिनं पोहण्याचा पोशाख आणला आणि धाकटीपुढे धरला. "तुला आवडतं ना?" असं म्हणाली आणि मग तिनं जीभ चावली. धाकटीला पाण्याची धास्ती होती, हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून आई अधूनमधून त्या धीट मुलीबद्दल बोलू लागली, जणू तीच आपली धाकटी.

घर रिकामं होऊ लागलं. कपाटं गेली, पडदे उतरले, आणि बोललं की आवाज भिंतींवरून परत यायला लागला. अशात एका दुपारी धाकटी एकटीच माझ्यासमोर येऊन बसली. तिनं कॅमेरा सुरू केला.

समोर असेल ते दाखवायचं, एवढंच माझं काम. त्यात मी कधी कसूर केली नाही. पण त्या दुपारी धाकटी मान खाली घालून बसली होती, आणि चौकटीतली मुलगी ताठ बसली होती. तुम्ही म्हणाल, जुनं यंत्र आहे, बिघडलं असेल. मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं.

धाकटी खूप वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग कुजबुजली, "माझ्या जागी तू जाणार?"

चौकटीतली मुलगी हसली. तेच हसू. धाकटीनं माझं झाकण हळूच मिटलं, झोपलेल्या कुणाला जाग येऊ नये तसं.

निघायच्या आधी बाईंना दोघींना एकत्र भेटायचं होतं, फक्त स्वागत करायला. निरोप वाचून आईचं तोंड पांढरंफटक पडलं. तिनं बाबांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "धाकटीला ताप आलाय म्हणून कळवू का?"

"आणि तिथे रोज शाळेत जायचंय, तेव्हा?" बाबा म्हणाले. "रोज ताप सांगणार आहेस?"

आईनं दोघींना शेजारी शेजारी बसवलं. दोघींच्या वतीनं थोरलीनं बोलायचं, असं ठरलं. बाई पडद्यावर आल्या आणि धाकटीकडे बघून म्हणाल्या, "पोहणारी मुलगी तूच ना?"

थोरलीनं तोंड उघडलं. धाकटीनं तिचा हात गच्च धरला. मग एक खरखरीत, बारीक आवाज आला.

"ती मी नाही. मला पाण्याची भीती वाटते." "तिला नेऊ नका. मला न्या."

आई दाराआडून पुढे आली आणि लाजेनं लाल होत तिनं घडलं ते सगळं सांगून टाकलं. बाईंनी धाकटीचा अर्ज काढून पुन्हा वाचला.

"आमच्याकडे न बोलणारी मुलंही आहेत," त्या म्हणाल्या. "ती बोलेपर्यंत आम्ही थांबतो. तुम्ही विचारायचं होतंत." मग त्या धाकटीला म्हणाल्या, "जागा तुझीच आहे. अर्ज मात्र आईला पुन्हा भरायला सांग. या खेपेला तुझा."

आईनं धाकटीला पोटाशी घट्ट धरलं आणि ती रडली. धाकटी पुन्हा काही बोलली नाही, आणि कुणी तिला बोलायला सांगितलंही नाही.

पुढे ती सगळी गेली. मला मुलींच्या मामाकडे ठेवलं. मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं सांगून माझ्यासारखी यंत्रं निरोप घेतात. मला वेगळंच सांगायचं आहे. तुमच्यातलं कुणी गप्प असेल तर त्याच्यासाठी थांबा. त्याच्या जागी दुसरं कुणी घडवू नका. घडवलेल्या मुलाला पुन्हा नाहीसं करता येत नाही. दोघी आईचा हात धरून गेल्या, पण चौकटीतली ती माझ्यातच राहिली आहे. प्रवेश तर आधी तिलाच मिळाला होता. परवा मामानं मला उघडलं तेव्हा दिवा आपोआप लागला. ती तयार होऊन बसली होती. "निघायचं का?" तिनं विचारलं.

मामाला ऐकू आलं नाही. त्यानं झाकण मिटलं. तुम्ही कधी उघडलंत, तर तिला खरं काय ते सांगा, की सगळे तिला न घेताच गेले. माझ्यानं सांगवत नाही.