एका शिफ्टपुरता हिरवा टॅग

मी टॅग बोलतोय. हिरवा, प्लास्टिकचा, दोरीला लटकणारा. माझ्या अंगावर काहीतरी लिहिलंय. मला वाचता येत नाही. लोक म्हणतात, ‘मशीन ओके’ असं आहे. असेल बुवा.

चाकणच्या एका कारखान्यात मी प्रेस मशीनवर असायचो. सकाळी मशीन चालवणारा भिमाजी तेल बघायचा, पाइप बघायचा, मग मला लटकवायचा. शिफ्ट संपली की उतरवायचा. पुढच्या शिफ्टवाल्यानं पुन्हा सगळं तपासायचं. माझं आयुष्य तेवढंच, एका शिफ्टचं.

भिमाजी रिटायर झाला तेव्हा डब्याच्या पिशवीतून मीही मोशीला त्याच्या घरी आलो.

पुढं त्याच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली, चालायला लावलं. काही महिन्यांनी रिपोर्ट चांगला आला. भिमाजीनं काय करावं? मला गळ्यात घातलं!

“शालन, आपण ओके झालो. गोळी बंद,” तो बायकोला म्हणाला.

“डॉक्टरांना इचारलं का?”

“मशीन सुरू झाल्यावर कुणी पाना फिरवतं व्हय?”

वडे सुरू झाले, चालणं बंद. मला आंघोळीलासुद्धा उतरवलं नाही. सोसायटीत माझा मान वाढला. भिमाजी मला उतरवायचा ते फक्त शेजारच्या उद्धवरावांसाठी; ते लग्नाला जाताना मला मागून न्यायचे. मला घालून तुपातली जिलेबी खायचे आणि वाढप्याला म्हणायचे, “वाढ रे, टॅग आहे.” वाढपीही वाढायचा. मी काय बोलणार? मी बाहेर लटकतो. आतलं मला कुठं दिसतं?

एका सकाळी चहा पिताना भिमाजीच्या हातातून कप निसटला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. बोलायला गेला तर शब्द जड झाले.

उद्धवराव समोरच होते. त्यांनी आधी मला पाहिलं. “घाबरू नका वहिनी, टॅग आहे की!”

शालनबाईनं मला हिसकून काढलं. “चुलीत घाला तुमचा टॅग! इकबालभाई, गाडी काढा आधी!”

शेजारच्या इकबालभाईंनी गाडी काढली. सगळे दवाखान्यात पोचले. मी शालनबाईच्या मुठीतच होतो.

“अर्धांगाचा झटका होता. लगेच आणलंत म्हणून वाचले,” डॉक्टर म्हणाले. “अहो, रिपोर्ट गोळीमुळंच चांगला आला होता. ती बंद का केली?”

भिमाजीनं माझ्याकडं पाहिलं. मग अडखळत म्हणाला, “शिफ्ट बदलली... पुन्हा कुणी तपासलंच न्हाई.”

आता मी गोळ्यांच्या डब्याच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला असतो. रात्री जेवणानंतर भिमाजी गोळी घेतो आणि मला लटकवतो. सकाळी शालनबाई मला उतरवते.

उद्धवराव परवा आले होते. “वहिनी, टॅग मोकळा आहे का? भाचीचं लग्न आहे.”

“आधी रक्त तपासून या, भावजी.”

ते गेले खरे. दवाखान्यात की लग्नात, कोण जाणे.

बाबांनो, मला गळ्यात घालू नका. मला वाचता येत नाही, तुमच्या रक्ताच्या नळ्यांत काय साचलंय ते कुठून कळणार? भिमाजीचा उजवा हात अजून नीट वळत नाही. दोरी खिळ्यावर धड बसत नाही त्याला. मी वाकडा लटकतो. पण रोज नव्यानं लटकतो.