सुरुवातीआधीचं लुगडं

सकाळपासून पोटात हालचाल नव्हती. गूळपाणी पिऊन झालं, डाव्या कुशीवर पडून झालं, तरी बाळ ढिम्म. म्हणून सोलापूरच्या भर उन्हात आम्ही होटगी रोडच्या दवाखान्यात सोनोग्राफीला नंबर लावून बसलो होतो. आणि अशा वेळी माझे यजमान शिवानंद, ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतात ते, मला विश्वाचा शेवट सांगत होते!

"काही जण म्हणतात, विश्व असंच फुगत जाणार. तारे विझणार, सगळं गारठणार. काही म्हणतात, उलटं फिरून परत एका ठिपक्यात गोळा होणार."

"अहो, गप बसा की."

"भुवना, सुरुवातीवरपण भांडणं हायत. त्या ठिपक्याच्या आधी दुसरं विश्व होतं, त्याच्यातनंच हे आलं, असंपण म्हणतात. मला न्हाय पटत. आधी काहीच नव्हतं."

असा राग आला! माणसं घाबरली की देवाचं नाव घेतात, हे तारे विझवत बसतात. पण बोलता बोलता यांनी नंबराची चिठ्ठी चुरगाळून पार गोळा केली होती, म्हणून मी तोंड आवरलं.

गेल्या वेळचं दोघांच्याही मनात होतं. आमच्यात बाळ जन्मायच्या आधी नवं काही आणत नाहीत. त्याच्या अंगाला पहिलं लागतं ते घरातल्या म्हातारीचं, धुऊन मऊ झालेलं लुगडं. सासूबाई, चंद्रव्वा, परोपरीनं सांगत होत्या. यांनी हसण्यावारी नेलं आणि चांदण्यांचं नवंकोरं झबलं आणलं. ते घालायला बाळ उरलं नाही. झबल्यानं काही होत नसतं, हे मलाही कळतं. तरी ते झबलं डोळ्यांपुढून हलत नाही.

नंबर आला. डॉक्टरीणबाई पोटावर यंत्र फिरवत राहिल्या, बोलेनात. यांचं विश्वही गप्प झालं, आणि आता मला वाटायला लागलं, बोला हो, काहीतरी बोला.

मग खोलीभर आवाज आला. धकधक, धकधक. मी रडायलाच लागले.

"ठोके मंद होतायत," बाई म्हणाल्या. "आत्ताच सिझर करावं लागेल. बाळाला गुंडाळायला कापड आणलंय?"

आम्ही हात हलवत आलो होतो. मी यांच्याकडं बघितलं. यांनी खांद्याला कायम लटकवलेली कॉलेजची बॅग उघडली आणि पेपरांच्या गठ्ठ्याखालून एक घडी काढली. सासूबाईंचं इरकल लुगडं, काठाचा रंगसुद्धा गेलेला.

"कधीपासनं हाय हे?"

"तुला दिवस राहिल्यापासनं," हे खाली मान घालून म्हणाले. "आईला सांगू नको."

सिस्टरनं लुगडं मागितलं, तर ते यांच्या हातातनं सुटेना.

कमरेत सुई दिली, मध्ये पडदा धरला. मी डोळे गच्च मिटून घेतले. कितीतरी वेळ काहीच ऐकू येईना. मग पडद्यापलीकडं एक किरटा, संतापलेला आवाज उठला. सिस्टरनं गाठोडं माझ्या गालाला लावलं. लुगड्याला खडूचा वास येत होता.