पाहुणीचं पाणी

"मॅडम, आमच्या हिरीचं पाणी तुम्ही स्वतः पिऊन दाखवता का?"

तनुजानं उभं राहून विचारलं, आवाज जराही थरथरू न देता. पैज त्याचीच तर होती. सभेला येताना तिची मैत्रीण आरेफा म्हणाली होती, "तू? भर गावासमोर? शाळेत प्रार्थनेला पुढं उभं केलं तर रडून राहिली होतीस!" आता तीच आरेफा मागच्या बाकावर ओढणी तोंडात कोंबून बसली होती.

माहूरच्या अलीकडं पांढरवाडीला चुन्याच्या दगडाची खाण होती. खाण बंद पडली, खड्डा तेवढा उरला. आता त्यात तालुक्याचा कचरा आणून टाकायचा बेत चालला होता. त्याची घाण झिरपत विहिरींत उतरेल का, हे तपासायला लातूरच्या मंजुषा मॅडम आल्या होत्या. त्यांनी खड्ड्यातल्या पाण्यात एक निरुपद्रवी रंग सोडला. पाण्यात विरला की डोळ्याला दिसत नाही, यंत्राला मात्र सापडतो. मग आसपासच्या घरांत बाटल्या वाटल्या आणि सांगितलं, रोज सकाळी विहिरीचं पाणी भरून ठेवा. चुन्याचा दगड आतून भेगाळलेला असतो. रंग विहिरीत आला तर त्याच वाटेनं घाणही येणार, असा साधा हिशोब.

"पिईन की!" मॅडम हसल्या. "खड्ड्याला सगळ्यात जवळची विहीर तुमचीच ना? तुमच्या बाटल्यांमध्ये रंगाचा मागमूस नाही. आणि पाणी काय हलकं, काय गोड! या भागात असं पाणी मी चाखलंच नव्हतं."

सभेनं टाळ्या वाजवल्या. सरपंच वैजनाथकाकांनी मिशीवरून हात फिरवला. "मंग झालं तर. कचऱ्याला हरकत न्हाई."

तनुजा खाली बसली, पण बूड काही टेकेना. गोड? हलकं? त्या पाण्यात तुरीची डाळ तासभर रटरटली तरी कचकच लागते. साबणाला फेस येत नाही. घागरीच्या बुडाला पांढरी खपली धरते ती विळ्यानं खरवडावी लागते. मॅडमनी चाखलं ते पाणी कुठलं?

"जिंकलीस गं तने," बाहेर आल्यावर आरेफानं पाठीत धपका घातला. "पैजेचा समोसा लागू झाला तुला!"

"उद्या दे," म्हणत ती घराकडं सुटलीच.

माय, म्हणजे सिंधुबाई, चुलीपुढं भाकरी थापत होती. तनुजानं दप्तरही उतरवलं नाही.

"माय, मॅडमच्या बाटल्या कुठल्या पाण्यानं भरल्या गं?"

"कुठल्या म्हंजे? जारातल्या. इकतचं पाणी हाय ते, चांगलं."

"हिरीचं का न्हाई भरलं?"

"आगं बया! परगावची बाई, आपल्या दारात पहिल्यांदाच काही मागून राहिली. तिला ते चुनकट पाणी देऊ? बाटली बी दोनदा इसळून घेतली मी."

"ती पिणार नव्हती, तपासणार होती!"

"तपासायलाच तर चांगलं द्यावं. पोरगी बघायला पाहुणे आले तर फाटकी सतरंजी हातरतो का आपण?"

तनुजाला फस्सकन हसू आलं, पण लगेच खड्डा आठवला. ती दारात गेली, विहिरीवर गेली, परत आली. ओसरीवर बसली, उठली. बाबा, म्हणजे आप्पासाहेब, रानातून आले तेव्हा ती पुन्हा विहिरीच्या काठावरून वाकून बघत होती. पाणी काळंशार, गप्प. रंग असला तरी ते सांगणार थोडंच!

घरात येऊन तिनं सगळं सांगितलं. बाबा आधी खो खो हसले. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"हे कुणाला सांगितलंस?"

"अजून न्हाई."

"सांगू बी नको. आख्खं गाव म्हणंल, सिंधुबाईनं तपासणीवाल्या बाईला फसवलं. उद्यापासून हिरीचं भरा, मिटलं."

"मॅडम उद्या सकाळच्या एसटीनं नांदेडला चालल्या, बाबा. जिल्ह्याच्या कचेरीत कागद द्यायला."

"मंग जाता जाता एक बाटली दे हिरीची. गुपचूप."

हे तनुजाच्या मनात आधीच येऊन गेलं होतं. घिरट्या घालताना तिनं ते सगळीकडून उलटून पाहिलं होतं. "त्या एकीत रंग निघाला तर मॅडम म्हणतील, हीच बाटली बिघडली. बाकीच्या सगळ्या चोख हायत ना! आधीच्या खोट्या हायत हे कुणी तरी सांगायलाच पाहिजे."

"आन हिरीत रंग नसलाच तर? फुकट तुझ्या मायची बदनामी."

तिनं मायकडं पाहिलं. माय जाराची तोटी पदरानं पुसत होती, पुसलेलीच पुन्हा पुसत होती.

"म्या काय वाईट केलं?" माय हळूच म्हणाली.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही. गावासमोर प्रश्न विचारणं सोपं होतं, ते आता तिला कळलं. तिथं माय समोर नव्हती. पण खड्डा तिथंच होता. त्यात कचऱ्याची पहिली गाडी रिकामी झाली की मागून खरं बोलून काय उपयोग? तिनं भाकरी उतरवली, बोट पोळलं, ते तोंडात घालून ती दोघांच्या मधोमध उभी राहिली.

"माय, बाबा, ऐका. मी उद्या एसटी सुटायच्या आधी स्टँडवर जाणार. मॅडमला म्हणणार, आमच्या सगळ्या बाटल्या ओतून टाका आणि आमच्या हिरीवर चला, तुमच्या हातानं पाणी शेंदा. रंग न्हाई असं ठरलं तर ठरू दे, पण ते आपल्या हिरीच्या पाण्यावरून ठरू दे, जारातल्या न्हाई. आणि माय, तू फसवलं असं मी म्हणणार न्हाई. म्हणणार, माझ्या मायनं तुमचा पाहुणचार केला."