पातं किती अडलं पाहिजे

आजीच्या जुन्या गाडीचं इंजिन मागच्या बाजूला होतं आणि ते पाण्याने नव्हे, वाऱ्याने थंड व्हायचं. गाडीचं लाडाचं नाव बेडकी. आज दुपारी बेडकीला न्यायला गिऱ्हाईक येणार होतं.

"आई, तुझ्या बोटांना आता काही कळत नाही," लेकीने कालच निक्षून सांगितलं होतं, "आणि हे काम येणारा मेकॅनिक शोधून मी हात टेकले. व्हॉल्व्ह जुळवणार कोण?"

"मी!" टेबलाखालून मुंगी ओरडली. मुंगी म्हणजे लेकीची लेक, इयत्ता सहावी.

"बरं," तिची आई म्हणाली. "गिऱ्हाईक यायच्या आत गाडी नीट चालली, तर राहील."

म्हणून सकाळीच आजी-नात चटई टाकून बेडकीच्या मागे बसल्या. व्हॉल्व्हच्या टोकाशी केसाएवढी फट ठेवावी लागते, आणि ती मोजायची तर इंजिन गार हवं.

"तळहात जोड." आजीने मुंगीच्या हातांमध्ये कागद सरकवला आणि ओढला. "अलगद निघाला तर फट मोठी. हललाच नाही तर फटच नाही. अडत अडत निघाला पाहिजे."

मग इंजिनाची पुली फिरवायची, व्हॉल्व्हच्या टोकाशी फट मोजायच्या गेजचं पातळ पातं घालायचं, स्क्रू पिळायचा, नट आवळायचा.

"कसं वाटतंय?"

"चिकट. ओल्या पायातून मोजा काढल्यासारखं."

"मग फारच चिकट. थोडं सैल कर."

चारही सिलिंडर झाले, झाकणं बसली. आजीने खिशातून किल्ली काढली. मुंगी जागची हलेना.

"आजी, डावीकडचं झाकण परत काढूया."

"का गं?"

"तिसऱ्या सिलिंडरचा नट आवळल्यावर मी पातं घालून बघितलंच नाही. नटाबरोबर स्क्रूपण फिरला असेल तर?"

"तासाभरात येतील ते," दारातून तिची आई म्हणाली. "आता पुन्हा उकलत बसणार?"

आजीने किल्ली परत खिशात टाकली.

झाकण निघालं. पुली तिसऱ्याच्या खुणेवर आली. पातं आत जाईचना. फट पार बुजली होती. तशीच गाडी चालवली असती, तर तो व्हॉल्व्ह कधी पुरता मिटला नसता आणि शेवटी जळून गेला असता. मुंगीचा चेहरा उतरला.

"म्हणजे चुकलंच माझं."

"आणि सापडलंही तुलाच. आता एका हाताने स्क्रू धरून ठेव, दुसऱ्याने नट आवळ. हं, घाल पातं."

पातं अडत अडत निघालं. मुंगीचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या खेपेला बेडकी सुरू झाली आणि मागून बारीक टिकटिक ऐकू येऊ लागली.

"हे काय वाजतंय?" लेकीने विचारलं.

"बोलू दे तिला," मुंगी थेट आजीच्या सुरात म्हणाली. "गप्प बसली की समजायचं, फट बुजली."

लेकीने एकदा आईकडे, एकदा मुलीकडे पाहिलं, आणि गाडीत बसून एक लांब फेरी मारून आली. उतरल्यावर तिने फोन लावला.

"हॅलो, निघाला नसाल तर निघू नका. नाही, गाडी विकत नाही आम्ही. मेकॅनिक मिळाला... तुमच्या गाडीसाठी? विचारते, पण रविवारीच जमेल. एरवी तिला शाळा असते."