मिथुनची अर्धी फिल्म

मिथुन जाऊन दोन महिने झाले होते, तेव्हा धर्मराज सर गुणाबाईच्या दारात आले. गुणाबाई कामोठ्याला मासळी विकून नुकतीच परतली होती आणि मोरीत रिकामी पाटी धूत होती. सर ओट्यावरच उभे राहिले. आत या म्हटल्यावर आले, पण खुर्चीच्या कडेवर टेकले, कुणी जा म्हटलं तर लगेच उठता यावं तसे.

सर खांदा कॉलनीत राहायचे. पनवेलच्या आसपासच्या खेड्यांतल्या पोरापोरींना एक संस्था कॅमेरा चालवायला शिकवत होती, त्या कामावर ते होते. खाडीकाठच्या या गावात आठवड्यातून दोन संध्याकाळी समाजमंदिरात वर्ग भरायचा. कॅमेरे दोन, पोरं चौदा. मिथुन त्यातलाच. वीस वर्षांचा. बारावीनंतर बापाबरोबर होडीवर जाऊ लागला होता, पण वर्गाच्या दिवशी अंघोळ करून, केस विंचरून सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचा. पाऊस सरता सरता त्याला ताप आला. चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी मिथुन नव्हता.

गुणाबाई रडली नव्हती. नवरा काशिराम भिंतीला डोकं लावून रडला, धाकटी किशोरी रडून रडून झोपी गेली, गावातल्या बायका रडल्या. गुणाबाई नुसती बसून होती. शेजारच्या चंद्रावतीने तिचे खांदे धरून गदागदा हलवलं, "रड गं बाय, मोकली हो," म्हणाली. गुणाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तेरावं झालं, आणि चौदाव्या दिवशी ती पाटी घेऊन कामोठ्याच्या नाक्यावर आपल्या जागेवर बसली. बोईटं साफ करून दिली, कोलंबीचे वाटे लावले. नेहमीच्या एका बाईने विचारलं, "मावशी, इतके दिवस कुठे होता?"

"घरातच व्हते," गुणाबाई म्हणाली.

खोटं नव्हतंच ते.

आता सर सांगत होते की मिथुनची फिल्म अर्धी राहिली आहे. शूटिंग बरंच झालंय, फक्त जोडायचं काम बाकी आहे. किशोरीने वर्गात यावं आणि भावाची फिल्म पुरी करावी, असं त्यांच्या मनात होतं. माघात सगळ्या गावांच्या फिल्म नवीन पनवेलच्या एका हॉलमध्ये दाखवायच्या होत्या.

काशिराम म्हणाला, "तुमाला बरं दिसंल तसं करा."

गुणाबाईने पदराला हात पुसले. "त्याच्यात मिथुन हाय?"

"मावशी, सगळं त्याचंच आहे," सर म्हणाले. "पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच आहे."

"मग करा," ती म्हणाली.

घरात मिथुनचा एकच फोटो होता. बारावीच्या फॉर्मसाठी काढलेला, बोटभर. तो मोठा करायला दिला, तेव्हा स्टुडिओवाल्याने आपल्याच मनाने त्याला काळा कोट आणि लाल टाय घातला. मिथुनने जन्मात कोट घातला नव्हता. गळ्याखाली कुणी भलताच माणूस होता आणि वर मिथुनचं तोंड, तेही मोठं केल्यामुळे धुरकटलेलं. हार घातलेल्या त्या फोटोखालून गुणाबाई दिवसातून दहा वेळा जायची. तो आपला मुलगा आहे असं तिला एकदाही वाटलं नाही.

म्हणून ती फिल्मची वाट बघू लागली. बोलली कुणाशीच नाही. फक्त किशोरी वर्गाला निघाली की तिच्या हातातलं काम काढून घ्यायची, "जा, उशीर नको करू," एवढंच म्हणायची. पोरगी आठ-साडेआठला परत यायची, डोळे लाल झालेले असायचे. फिल्ममध्ये काय आहे, हे आई विचारत नाही म्हटल्यावर तीही सांगायची नाही.

माघातल्या एका रविवारी संध्याकाळी तिघं सहा आसनी रिक्षाने नवीन पनवेलला गेली. गुणाबाईने लग्नाकार्यातली हिरवी साडी नेसली होती. हॉलमध्ये गावागावची माणसं होती, खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून पुढे सतरंज्या टाकल्या होत्या. सरांनी तिघांना पहिल्या रांगेत बसवलं.

आधी डोंगराकडच्या वाडीतल्या संजना नावाच्या मुलीची फिल्म झाली. त्यात तिचे आईबाप वीटभट्टीवर माती तुडवत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या तशा गुणाबाईनेही वाजवल्या. मग पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत मिथुनचं नाव आलं. काशिरामने तिचा हात धरला. तिने धरू दिला.

खाडीचा चिखल दिसला. ओहोटीची वेळ, खांबांना बांधलेलं जाळं. काशिराम कंबरभर पाण्यात उभा राहून जाळं झाडत होता. मग गुणाबाईला स्वतःचे हात दिसले, मासळी निवडणारे. किती काळे हात, तिला वाटलं. मग तिची पाठमोरी चाल, डोक्यावर पाटी, पाटीतून गळणारं पाणी मानेवर. कामोठ्याचा नाका. एका गिऱ्हाइकाशी ती हुज्जत घालत होती आणि हॉलमधली माणसं हसली. गुणाबाई पडद्याच्या कडेकडेने बघत होती. आता येईल, या अंगाने नाहीतर त्या अंगाने येईल. होडीतून उतरेल, रस्ता ओलांडेल, कुठूनतरी येईलच. सर म्हणाले होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच आहे.

शेवटी घरातली चूल आली. गुणाबाई ताट वाढत होती. वाढता वाढता तिने वर बघितलं, सरळ समोर, आणि हसली. "बस कर रं आता. भात थंड झाला."

"तू बोल ना, आये," असा आवाज आला. मिथुनचाच. माणूस मात्र दिसला नाही.

"काय बोलू? जेव गुमान," पडद्यावरची गुणाबाई म्हणाली आणि पडदा काळा झाला.

दिवे लागले. टाळ्या वाजत होत्या, काशिराम उपरण्यात तोंड घालून हुंदके देत होता. गुणाबाई किशोरीकडे वळली.

"तो कुठं हाय?"

"कोण?"

"मिथुन. सर बोललं व्हतं तो हाय."

किशोरीला क्षणभर कळेना. मग कळलं, तशी ती हळू आवाजात म्हणाली, "आये, तो कसा दिसंल? कॅमेरा त्याच्या हातात व्हता. तो मागं व्हता."

सर माईक घेऊन जवळ आले. मावशी, दोन शब्द बोला, म्हणाले. गुणाबाईने मान हलवली. सर समजले की बाईला भरून आलंय, आणि त्यांनी माईक दुसरीकडे नेला. पण भरून काही आलं नव्हतं. सकाळी बाजारात बसावं आणि मासळीच आलेली नसावी, तशी ती रिकाम्या हातांनी बसली होती.

दोन दिवसांनी किशोरीने तिला समाजमंदिरात नेलं. किशोरीकडून कळल्यापासून सर खजील झाले होते. "माझं चुकलं मावशी. मी नीट सांगायला हवं होतं." मग त्यांनी लॅपटॉप उघडला. फिल्ममध्ये न घेतलेला एक तुकडा होता, वाया गेलेला. मिथुनने कॅमेरा बंद न करताच होडीतल्या फळीवर ठेवला होता. वाकडंतिकडं आभाळ, होडीची कड, आणि कडेपलीकडे चिखलात गुडघ्यापर्यंत दोन पाय. पाय लांब गेले, परत आले. एक हात खाली आला आणि पोटरीवरचा चिखल निपटून गेला. चेहरा कुठेच नव्हता.

गुणाबाईने ते सगळं पाहिलं. पाय त्याचेच होते. डाव्या पायाचा अंगठा आत वळलेला, काशिरामसारखा. आता तरी रडू येईल म्हणून ती थांबली. आलं नाही.

"परत लावू?" सरांनी विचारलं.

"नको."  मग ती म्हणाली, "किशोरीचं काय हाय त्याच्यात?"

"किशोरीचं? ती आता नवीन फिल्म करतेय. शाळेत जाणाऱ्या मुलींवर. चांगलं शूट करते."

"म्हंजे ती बी मागंच."

 गुणाबाई उठली आणि तिने टेबलावरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "ह्यो कसा धरायचा?"

"आये, कशाला?" किशोरी म्हणाली.

"तू तिथं जाऊन उबी रा. दारात. उजेड हाय तिथं."

सरांनी पट्टा तिच्या मनगटात अडकवला आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. कोयत्याने चिरलेल्या तिच्या बोटांना ते बटण लवकर सापडेना. तेवढ्यात किशोरीने वेणी पुढे घेतली, परत मागे टाकली. चौकटीत ती कधी यायची, कधी निसटायची.

"मावशी, डोकं बाहेर जातंय. थोडा वर घ्या," सर म्हणाले.

तिने वर घेतला. "आता?"

"आता बरोबर."

"काय बोलू?" किशोरीने विचारलं.

"काय बी बोल. नाव सांग."

किशोरीने नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, अकरावीत आहे म्हणाली. मग तिला सुचेना, ती खाली बघू लागली, आणि तिचे डोळे वाहू लागले. तिने ते पुसले नाहीत. गुणाबाई श्वास धरून उभी होती. हात हलू नये म्हणून तिने कोपर बरगडीला घट्ट लावलं होतं.

"वर बघ," ती म्हणाली. "माझ्याकडं बघ."